खोपटापर्यंतची वायर

मागच्या खोपटात इंटरनेट हवं म्हणून आमच्या ओतिलियाने जेवणाच्या टेबलावर तोंड उघडलं, तेव्हा सगळ्यात आधी हसला तो तिचा नवरा, एलिसेओ. हसता हसता ठसका लागला, सूप नाकात गेलं. बरं झालं, म्हटलं मी मनात.

"खोपटात? तिथे कोण बघणार इंटरनेट, टांगलेली डुकरं?" नाक पुसत तो म्हणाला.

आमच्या सासूला सगळेच मामिता म्हणतात. एरवी तिच्या कानाशी ढोल वाजवला तरी मान वळत नाही, पण हे तिला बरोबर ऐकू आलं. "घरात आहे ना एक? मग आणखी कशाला? एका घराला किती इंटरनेट लागतात?"

ओतिलिया उठली, बशा गोळा केल्या आणि पाण्याखाली धरल्या. तिचं नेहमीचं आहे हे. तोंडातून एक वाक्य काढायचं, त्याची सगळ्यांनी चटणी केली की भांडी घासायची.

मी इर्मा, तिची थोरली जाऊ. माझं घर तिच्या कुंपणाला लागून आहे. माझा नवरा गेला, पोरं मोठ्या शहरात गेली, तेव्हापासून माझा अर्धा दिवस तिच्याच स्वयंपाकघरात जातो. थोरलीकडून मामिताची कटकट सुटली ती सुटलीच, सगळी धाकटीच्या गळ्यात पडली. आमच्या चिलीतल्या चिलोए बेटावर आईबाप धाकट्या मुलाकडेच राहतात, त्याला मी काय करणार? पण ओतिलियाकडे बघितलं की मला आतून कसंतरी होतं, हे खरं. एवढी दमलेली बाई मी दुसरी पाहिली नाही. बसली तरी दमलेली, उठली तरी दमलेली. साल्मन माशांच्या कारखान्यात गार पाण्यात उभं राहून बोटं वाकडी झाली, म्हणून घरी बसवलं तिला. घरी बसवलं म्हणजे काय, तर मामिताची आंघोळ, एलिसेओच्या पाठीला शेक, मेंढ्या, कोंबड्या, बटाटे, चुलीची लाकडं आणि पुन्हा मामिता.

दुसऱ्या दिवशी लाकडं फोडताना मी तिला गाठलं. "काय गं, खोपटात कोणाला भेटायचंय तुला? या वयात?"

ती कुऱ्हाडीवर हात ठेवून उभी राहिली. वाटलं चिडेल. पण नाही. म्हणाली, "रोसाउराला."

रोसाउरा म्हणजे तिची थोरली बहीण. सीमेपलीकडे अर्जेंटिनात, गायेगोसला असते.

"मग बोलतेस की तिच्याशी! दर रविवारी बोलतेस. परवाच बोललीस."

"मी बोलले?" ओतिलिया म्हणाली. "आठव बरं, मी काय बोलले ते."

मी आठवायला लागले. रविवारी फोन वाजला तो स्वयंपाकघरातच, कारण इंटरनेटचा डबा तिथेच, आणि खिडकीपासून दोन हात लांब गेलं की रोसाउराच्या चेहऱ्याचे तुकडे पडतात. मामिताने आधी फोन हिसकावला. गुडघ्याला काय लावतेस, तिकडे बर्फ पडला का, तुझी ती लाल कोंबडी अजून आहे का. मग एलिसेओने फुटबॉलचं काढलं. मग मीही डोकं घातलं, खोटं कशाला बोलू, मला तिच्या स्वेटरची वीण बघायची होती. ओतिलियाच्या हातात फोन आला तेव्हा रोसाउरा म्हणाली, "बरं मग, ठेवते." ओतिलिया म्हणाली, "हो, ठेव."

"मला तिच्याबरोबर माते प्यायचाय, इर्मा," ओतिलिया म्हणाली. "खोपटात, जाळाजवळ. मी आणि ती. मध्ये कोणी नको. एवढंच हवंय मला, आणि मला त्यासाठी कोणापुढे कारणं देत बसायची नाहीत."

आता खोपट म्हणजे काय, तर घरामागे, बटाट्यांच्या शेताच्या पलीकडे, लाकडाचा आणि पत्र्याचा एक काळाकुट्ट आडोसा. मधोमध जमिनीवर उघडा जाळ, भोवती बाकं, वर आढ्याला टांगलेली डुकराची मांडी, लसणाच्या वेण्या, शिंपल्यांच्या माळा. पूर्वी सगळं जगणं तिथेच चालायचं. घरात लोखंडी शेगडी आली तेव्हापासून मांस धुरावण्यापुरतं तिथे जायचं. पण माते, आमचा तो कडू पाल्याचा चहा, प्यावा तो खोपटातच. एकच भोपळ्याची वाटी, एकच नळी. ओतणाऱ्याने गरम पाणी ओतून द्यायचं, पिणाऱ्याने शेवटपर्यंत ओढायचं आणि वाटी परत करायची. मग पुढच्याचा नंबर. आणि परत करताना "ग्रासियास" म्हणायचं नाही. एरवी दिवसभर म्हणा आभार, कोणी अडवलंय? पण वाटी परत देताना ग्रासियास म्हटलं की त्याचा अर्थ झाला बास, मला पुरे, माझं मन भरलं. त्यानंतर तुम्हाला कोणी ओतून देत नाही.

ओतिलिया आणि रोसाउरा समोरच्या छोट्या बेटावरच्या. आई लवकर गेली, बाप वर्षातले बरेच महिने अर्जेंटिनात मेंढ्या कातरायला. त्या दोघींना वाढवलं ते मावशीने, पण मावशीच्या घरात पाच पोरं तिची स्वतःची. मग ह्या दोघी संध्याकाळी खोपटात जाऊन बसायच्या, ओला लाकूडफाटा फुंकत. रोसाउरा ओतायची, ओतिलिया प्यायची, मग रोसाउरा प्यायची. बोलायच्या का? फारसं नाही, म्हणते ती. बोलायला होतं काय?

मग रोसाउराचं लग्न झालं. नवऱ्याला तिकडे कोळशाच्या खाणीत काम लागलं आणि दोघं निघाली. "गाडीवाला रस्त्यावर हॉर्न वाजवत होता," ओतिलिया मला सांगत होती, कुऱ्हाड तशीच हातात. "त्या दिवशी मी ओतत होते. तिने घाईघाईत ओढला, वाटी माझ्या हातात कोंबली आणि पळाली. ग्रासियास म्हणालीच नाही."

"घाईत राहिलं असेल."

"राहिलं नाही. रोसाउरा काही विसरत नाही. तिने म्हटलं नाही म्हणजे तिचा नंबर अजून चालू आहे."

मला हसू आलं आणि मग आलं नाही. त्यानंतर रोसाउरा एकदाच आली, बापाच्या मातीला, तेव्हा घरात पाऊल ठेवायला जागा नव्हती. आता तिकडे तिचा नवरा वारला, मुलगे आणखी लांब गेले. तिकडे तिच्या घरात बोलायला माणूस नाही, इकडे हिच्या घरात बसायला कोपरा नाही. बसने तिकडे जावं तर मामिताला कोण बघणार? मी बघते म्हटलं, तर मामिताच नको म्हणते, इर्माचे हात थंड आहेत म्हणे!

तर मी ठरवलं की खोपटात इंटरनेट आणायचंच.

आमच्याकडे बोटींची इंजिनं दुरुस्त करतो तो वेरेमुंदो. इंजिन दुरुस्त करतो म्हणून त्याला वाटतं की त्याला सगळंच येतं. त्याला बोलावलं. आला, खोपटात बसला, ओतिलियाने माते ओतला. तो प्यायला. तिने पुन्हा ओतला. तो पुन्हा प्यायला. आणि हा माणूस कधी ग्रासियास म्हणत नाही, सगळ्या किनाऱ्याला माहीत आहे. पाऊस कसा इंटरनेटच्या लाटांना खातो, डोंगर कसा आडवा येतो, त्याच्या मेव्हण्याची बोट कशी बुडाली, सगळं सांगून झालं. किटली रिकामी झाली आणि अंधारून आलं.

"वेरेमुंदो," मी म्हटलं, "तुला इथे राहायला बोलावलेलं नाही."

"ताप नको करून घेऊस, बाई. मी विचार करतोय."

दुसऱ्या दिवशी ओतिलियाने किटलीच ठेवली नाही, तेव्हा कुठे त्याने हात चालवले. घराच्या खिडकीत एक छोटा डबा लावला, म्हणाला, हा घरातलं इंटरनेट ओढून पुढे ढकलतो. ढकललं त्याने, पण खोपटाच्या पत्र्यापर्यंतच. पत्र्याच्या आत शिरायचं नाव नाही. दारात उभं राहिलं तर रोसाउरा दिसायची, एक पाऊल आत टाकलं की गायब. मग ओतिलिया दारात उभी राहून बोलायची. पुढून धूर, मागून पाऊस. पाठ भिजून चिंब आणि डोळ्यांत पाणी. रोसाउरा विचारायची, "रडतेस का गं?" आणि ही म्हणायची, "नाही, धूर आहे." आणि तेवढ्यात पुन्हा तुटायचं.

दोन-तीन रविवार हे चाललं. मग तिला खोकला धरला. मामिता म्हणाली, "सांगितलं होतं मी." काय सांगितलं होतं, देव जाणे.

"वायरच टाकावी लागेल," वेरेमुंदो म्हणाला. "घरातून खोपटापर्यंत, जमिनीखालून. वरून टाकली तर पहिल्या वाऱ्यात जाईल, नाहीतर मामिता तिच्यावर घोंगड्या वाळत घालेल."

एलिसेओ म्हणाला, "मग मिंगा बोलवू." म्हणजे गावातल्या माणसांना हात मागायचे. घरोघरी जाऊन विनवायचं, ती माणसं येतात, एका दिवसात काम उरकतं. आमच्याकडे घरं हलवतात अशी, बैल लावून, वायरीचं काय घेऊन बसलात.

"नाही," ओतिलिया म्हणाली.

"का नाही?"

"कारण मिंगाला माणसं आली की त्यांना जेवायला घालावं लागतं. मेंढी कापा, बटाटे किसा, पोळ्या थापा, पोटभर खाऊ घाला आणि घरी न्यायलाही बांधून द्या. ते कोण करणार? आणि मग प्रत्येकाच्या मिंगाला आपण जायचं, तिथे कोण जाणार? तुझी पाठ?"

एलिसेओ पाठीला हात लावून खिडकीबाहेर बघायला लागला. वाईट माणूस नाही तो. पण त्याची पाठ बरोबर वेळेवर दुखते, हे आपलं माझं निरीक्षण.

मग ती एकटीच खणायला लागली. रोज संध्याकाळी, मामिताला खाऊ घालून, अंथरुणात टाकून, कुदळ घ्यायची आणि बाहेर पडायची. कुंपणाच्या कडेकडेने, कारण मधून बटाटे होते, आणि बटाटे काढायच्या दिवसांत कोणीतरी वायरीसकट उपटले असते. पण कडेची जमीन म्हणजे नुसत्या मुळ्या आणि दगड. मी माझ्या खिडकीतून बघायचे. वाकलेली, ओली, खोकत. मला राग आला. तिचा नाही, सगळ्यांचा. मी बूट चढवले आणि फावडं घेऊन कुंपण ओलांडलं.

"तुला बोलावलेलं नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे. न बोलावता आलेल्याला जेवू घालावं लागत नाही. सरक तिकडे."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी तिचे दात दिसले. त्यानंतर दोघी खणत गेलो. बोललो नाही फारसं. एलिसेओला शेवटी लाज वाटली असावी, एका संध्याकाळी तो काळी पाण्याची जुनी नळी घेऊन आला आणि म्हणाला, वायर हिच्यातून ओवा, म्हणजे ओल लागणार नाही. ओवायला मात्र थांबला नाही.

वेरेमुंदोने वायर ओवली, खोपटाच्या भिंतीला दुसरा डबा ठोकला, हिरवा दिवा लागला. पत्र्याच्या आत, जाळाजवळ बाकावर बसून बघितलं तर फोनमध्ये पाचही रेघा भरलेल्या. ओतिलियाने पदरासारखा ॲप्रन वर करून चेहरा पुसला. रोसाउराला निरोप गेला: रविवारी दुपारी, खोपटात, किटली ठेव.

तो शनिवार मला आठवतो. ओतिलियाने खोपट झाडलं, बाकावर मेंढीचं कातडं घातलं. सुकी लाकडं वेगळी काढून ठेवली. रविवारी मामिताला जेवू घातलं आणि तिला शेगडीजवळ बसवून माझ्याकडे सोपवलं. मी म्हटलं, "जा. इथे मी आहे. घराला आग लागली तरी तुला हाक मारणार नाही." ती गेली.

आणि लगेच परत आली. दारात उभी राहिली. चेहरा असा, की मला वाटलं कोणी मेलं.

मी धावत गेले. खोपटाच्या भिंतीवर डबा नव्हता. वर बघितलं. आढ्याला, जाळाच्या बरोब्बर वर, डुकराची मांडी आणि शिंपल्यांची माळ यांच्यामध्ये, मांडी वर-खाली करायच्या दोरीला सुतळीने बांधलेला तो लटकत होता. रात्रभर मांडीसाठी धूर घातलेला होता. डबा पिवळा-काळा झाला होता, एका बाजूने मेणासारखा वाकला होता आणि वर मांडीची चरबी ठिबकून त्याला छान चकाकी आली होती. हिरवा दिवा कुठला!

हे काम कोणाचं, ते विचारायची गरज नव्हती. मी घरात आले ती तणतणतच. "मामिता! काय केलंत हे? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? माणसं काय मरमर मरून खणतात आणि तुम्ही त्याचा धुरावलेला डुक्कर करता?"

मामिता घाबरली. खरंच घाबरली, हातातली काठी पडली. "भिंतीला ओल होती," ती म्हणाली. "पाणी झिरपत होतं त्याच्यावर. मी काल बघितलं. ओलीने खराब झाला असता तो. टिकायला हवं ते आपण वरच टांगतो ना? बियाणं वर टांगतो, लसूण वर टांगतो. मी त्याला जपायला टांगलं."

आमच्या बेटावर कोणत्याही म्हातारीने तेच केलं असतं. माझ्या आईने केलं असतं.

ओतिलिया मागून आत आली होती. मला वाटलं आता फुटेल ही, फुटू दे एकदाची. ती खुर्चीवर बसली. ओले बूटही काढले नाहीत.

"मला तुमच्यावर रागवायचंय, मामिता," ती म्हणाली. "पण माझ्यात तेवढंही त्राण उरलेलं नाही. मी फार थकलेय. मला सगळ्यांची चाहूल लागते. रात्री तुम्ही कूस बदललीत तरी लागते. मला एक तास असा हवा होता की ज्यात मला कोणाची चाहूल लागणार नाही, आणि माझी बहीण असेल. जाऊ दे आता."

एलिसेओने टीव्ही बंद केला, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

रोसाउराला मीच फोन केला, घरातून. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की ती आधीपासून वाट बघत बसली होती. केस विंचरलेले, मागे टेबलावर वाटी, किटलीतून वाफ. मी सांगितलं काय झालं ते. तिला हसू यावं म्हणून डुकराच्या चरबीचंही सांगितलं. ती हसली नाही.

"पाणी तापवलं होतं मी," ती म्हणाली. एवढंच. मग तिने हात लांब करून किटली खाली उतरवली, आणि मला ते बघवेना.

त्या रविवारनंतर ओतिलियाने खोपटाचं नाव काढलं नाही. कोणी काढलं तर "राहू दे" म्हणायची. खणलेला चर बुजला, त्यावर गवतही यायला लागलं, खाली वायर तशीच. मी वेरेमुंदोच्या मागे लागले. रस्त्यात गाठलं, धक्क्यावर गाठलं, चर्चमधून बाहेर पडताना गाठलं. "विचार करतोय," तो म्हणायचा. "तू विचार करू नकोस, डबा आण," मी म्हणायचे. शेवटी माझ्या तोंडाला कंटाळून त्याने चर्चच्या सभागृहातला जुना डबा आणला. तिथे नवा आला म्हणून हा कपाटात पडून होता.

"पण ठेवायचा कुठे?" तो म्हणाला. "वर धूर, भिंतीला ओल."

तेव्हा मामिता काठी टेकत आपल्या खोलीत गेली. बराच वेळ खुडबुड ऐकू आली. बाहेर आली ती मिठाची लाकडी पेटी घेऊन. तिच्या आईची पेटी, झाकण सरकवायची, आतून पांढरी पडलेली. ती पेटी ती कोणाला हात लावू देत नाही. लग्नात मी एकदा उघडली होती तर दोन दिवस बोलली नव्हती.

"मीठ यात कधी पाझरलं नाही," ती म्हणाली. "याच्यात ठेवा. आणि खाली ठेवा, दाराजवळ. धूर खाली येत नाही." मग ओतिलियाकडे न बघता म्हणाली, "मी तिकडे जाणार नाही. सांग तिला."

"ती इथेच उभी आहे, मामिता," मी म्हटलं.

"असू दे. तू सांग."

वेरेमुंदोने पेटीला भोक पाडलं तेव्हा मामिताने डोळे मिटून घेतले. वायर आत गेली, झाकण सरकलं, फटीतून हिरवा दिवा दिसायला लागला.

या रविवारी ओतिलियाला मी हाताला धरून बाहेर काढलं. तिला विश्वासच नव्हता, पुन्हा काहीतरी होईल म्हणून पाय उचलत नव्हती. मी घराच्या मागच्या दारात खुर्ची टाकून बसले, विणायला घेऊन. थोड्या वेळाने एलिसेओ फोन हातात घेऊन आला.

"कुठे निघालास?"

"तिथे जोरात येतं म्हणे नेट. मॅच आहे."

"एक पाऊल टाक," मी म्हटलं, "मग खरंच पाठ दुखेल तुझी." तो परत फिरला.

दुपार सरली. खोपटाच्या छपरातून धूर निघत होता, सरळ वर, वारा नव्हता. आतून काही ऐकू येत नव्हतं. हसणं नाही, रडणं नाही. आधी मला बरं वाटलं. मग उजेड उतरायला लागला, मामिताने सूप मागितलं, मेंढ्या कुंपणाशी येऊन ओरडायला लागल्या, आणि मला काळजी वाटायला लागली. पुन्हा तुटलं की काय? तुटलं असलं तर ही परत यायला हवी होती. एकटी बसून रडते की काय? मी विणकाम ठेवलं आणि शेताच्या कडेने, त्या चरावरून चालत गेले.

दार लोटलं. जाळ मंदावला होता. ओतिलिया मेंढीच्या कातड्यावर, भिंतीला टेकून, गाढ झोपली होती. तोंड उघडं, हात मांडीवर पसरलेले, ती वाकडी बोटं सैल पडलेली. इतकी वर्षं शेजारी राहून मी तिला कधी झोपलेली पाहिली नव्हती. मांडीवर वाटी कलंडली होती, थंडगार. समोर किटलीला टेकवून फोन उभा होता.

फोनमध्ये रोसाउरा होती. तशीच बसलेली, शाल गुंडाळून, मागच्या खिडकीत तिच्याकडचाही उजेड गेलेला. ती नुसती बघत होती बहिणीकडे. मला पाहिलं आणि बोट ओठांवर ठेवलं.

मी हळूच विचारलं, "कधीपासून झोपलीय ही?"

"झाला वेळ," ती कुजबुजली. "दुसरा प्यायला घेतला आणि डोळे मिटले."

"मग ठेवायचा ना फोन. उठवते मी तिला. अगं ओति..."

"उठवू नकोस," रोसाउरा म्हणाली. "वाटी तिच्याकडे आहे. तिचा नंबर आहे. ती पिईल तेव्हा पिईल, मी थांबते."

मी वाटी तिच्या मांडीवर सरळ केली, म्हणजे सांडणार नाही. जाळावर दोन सुकी लाकडं ठेवली, किटलीत पाणी घातलं, फोनला धक्का लागू न देता. पेटीतला हिरवा दिवा बघितला. मग दार ओढून घेतलं आणि घरी आले.

स्वयंपाकघरात मामिता चमचा आपटत होती, एलिसेओ रिकाम्या बशीपुढे बसला होता. "कुठे आहे ओतिलिया?" दोघांनी एकदमच विचारलं.

"तिच्याकडे पाहुणी आलीय," मी म्हटलं आणि बाह्या वर केल्या. "कोणाला काय हवं ते मला सांगा. आणि मामिता, माझे हात थंड आहेत, ते आज चालवून घ्या."